नवऱ्याच्या नावाने ग्रँड ज्युरीचं समन्स आलंय. कंपनीचाच वकील चालेल का?

एडिसनची_सून

नमस्कार. आयडी मुद्दाम नवा काढलाय. आम्ही न्यू जर्सीत, नवरा एच-१बीवर, एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत साडेपाच वर्षं.

मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास दार वाजलं. मी डबा भरत होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. दारात एक बाई आणि एक पुरुष, दोघांच्या हातात होमलँड सिक्युरिटीचे बिल्ले. बोलायला अगदी सभ्य. ह्यांच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाले, दोन मिनिटं बोलायचंय. ह्यांची गाडी चुकत होती, म्हणून "आत्ता नाही" म्हणाले. मग कार्ड ठेवून गेले. कागद म्हणजे नेवार्कच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टाचं ग्रँड ज्युरीचं, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स आहे, तीन आठवड्यांनंतरची तारीख.

संध्याकाळी मालकाचा फोन. सात-आठ जणांना हेच आलंय म्हणे. कंपनीने वकील लावलाय, फुकट. शनिवारी सगळ्यांनी ऑफिसात जमायचं, तो एकत्र तयारी करून घेईल. आणि हो, जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उडवून टाका.

आमचे हे म्हणतात, मी काही केलेलं नाही, मग वेगळा वकील कशाला? उलट चोराच्या मनात चांदणं असं व्हायचं. सासरे कोल्हापूरला असतात, निवृत्त तलाठी. त्यांचं म्हणणं, कार्डावरच्या नंबरवर फोन कर, खरं ते सांग आणि मोकळा हो. हे आज फोन करायला निघाले होते, मी कसंबसं थांबवलंय. बाकीचे तपशील हवे तर सांगते.

पिस्कॅटवेकर

ताई, तपशील सांगूच नका. इथे लिहिलेलं, मैत्रिणीला सांगितलेलं, देवळात कुजबुजलेलं, यातलं काहीच गोपनीय नसतं. गोपनीय असतं ते वकिलाशी बोललेलं.

मी वकील नाही. पण ज्या जागी तुमचा नवरा उभा आहे तिथे मी २०१२च्या हिवाळ्यात उभा होतो. त्याची गाडी चुकत होती हे त्याचं नशीब. माझी चुकत नव्हती. मी दोघांना आत बोलावलं, चहा विचारला (घेतला नाही), आणि जेवणाच्या टेबलावर चाळीस मिनिटं बोललो. एक विचारत होता, दुसरा लिहीत होता. मधेच अगदी सहज विचारलं, "क्लायंटच्या नावाच्या पत्रावर तुम्ही कधी सही केलीय?" मी म्हणालो, छे, कधीच नाही. मनापासून म्हणालो. चार वर्षांपूर्वी घाईघाईत केलेली एक सही साफ विसरलो होतो. त्या पत्राची प्रत त्याच्या फोल्डरमध्ये होती. त्याने ती दाखवली नाही. फक्त मान डोलावली.

फेडरल कायद्यात कलम १००१ म्हणून एक आहे. सरकारी तपासनिसाला महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटं सांगणं हाच वेगळा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. शपथ नको, कोर्ट नको, तुमच्याच घरातलं टेबल पुरतं. विसरणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, पण ते पुढे पटवून देण्याचे पैसे पडतात. मूळ प्रकरणात मी साधा साक्षीदार होतो. त्या एका "नाही"मुळे माझ्या वकिलाने निम्मं वर्ष घालवलं, आणि आमचं घराचं डाऊन पेमेंट गेलं.

आणि ही माणसं विचारतात ते बहुतेक वेळा त्यांना आधीच माहीत असतं. क्रॅनफर्डचं "युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी" आठवतं का? ते बनावट विद्यापीठ व्हिसाची फसवणूक पकडायला होमलँडच्या लोकांनी स्वतःच थाटलं होतं, २०१६मध्ये एकवीस जणांना अटक झाली तेव्हा बाकीच्यांना कळलं.

आता मालक. कंपनीच्या वकिलाचा अशील कंपनी आहे, तुमचा नवरा नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९८१च्या अपजॉन निकालापासून चांगले वकील मुलाखतीआधी हे स्पष्ट सांगतात: तुम्ही मला सांगाल ते गुपित कंपनीचं, आणि ते सरकारला द्यायचं की नाही हे कंपनी ठरवणार. उद्या मालकाने "मला काय माहीत, पोरांनीच टाइमशीट भरली" म्हटलं, की हा वकील कोणाच्या बाजूला उभा राहील? शनिवारी जाऊ नका. मालकाला एवढंच कळवा की आमचा वकील तुमच्या वकिलाशी बोलेल. कंपनी कर्मचाऱ्याच्या वेगळ्या वकिलाचे पैसे भरू शकते, बऱ्याचदा भरतेही. ते मागायला लाजू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला हात लावायचा नाही. तपासात अडथळा आणायला पुरावा नष्ट केला तर कलम १५१९, कमाल शिक्षा वीस वर्षं. मूळ भानगडीत काही नसलेली माणसं इथे अडकतात. मेसेज आपोआप उडण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा. आणि मालकाने "उडवा" म्हटलं हे वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

शनिवारपेठी

पुण्यातून विचारतोय. तिकडे अटकपूर्व जामीन घेता येत नाही का? आमच्याकडे पहिली धाव तिकडेच.

पिस्कॅटवेकर

नाही हो, तसली सोय इथे नाही. आरोप ठेवले गेलेच तर चांगला वकील सरकारी वकिलाशी बोलून हजर व्हायची तारीख ठरवून घेतो, म्हणजे पहाटे सहाला दार ठोठावलं जात नाही. मग मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहायचं. भारतात घरदार असलेल्या माणसाचा पासपोर्ट बहुधा जमा होतो.

पण ताईंचं प्रकरण अजून तिथवर गेलेलं नाही. वकिलाचं पहिलं काम म्हणजे सरकारी वकिलाला फोन करून विचारणं: हा माणूस साक्षीदार, सब्जेक्ट की टार्गेट? साक्षीदार म्हणजे नुसती माहिती असलेला. सब्जेक्ट म्हणजे ज्याचं वागणं तपासाच्या कक्षेत आहे तो. टार्गेट म्हणजे ज्याच्याविरुद्ध भक्कम पुरावा आहे आणि बहुधा आरोपी होणार आहे असा. हा शिक्का पुढे बदलूही शकतो.

ग्रँड ज्युरीबद्दलही सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत सोळा ते तेवीस साधी माणसं, आरोपपत्राला बारांची संमती लागते. न्यायाधीश नसतो, आणि तुमच्या वकिलाला आत प्रवेश नाही. माझा वकील बाहेर बाकड्यावर बसला होता. प्रश्न अडला की "मला वकिलाशी बोलायचंय" म्हणून बाहेर यायचं. मी तीनदा आलो. तिसऱ्यांदा आत गेलो तर मागच्या रांगेतले एक आजोबा छान डुलकी काढत होते. खिशात वकिलाने लिहून दिलेलं कार्ड होतं, पाचव्या घटनादुरुस्तीखाली उत्तर द्यायला नकार देण्याचं वाक्य. वापरावं लागलं नाही, पण घामाने शाई पसरली होती.

फायलीतली_वहिनी

मी नेवार्कच्या एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची सहायक) आहे. काकांनी लिहिलंय ते बरोबर, थोडी भर घालते.

वकील म्हणून दारू पिऊन गाडी चालवण्याच्या केसेसवाला, होर्डिंगवर फोटो असलेला नको. फेडरल कोर्टात नेहमी उभा राहणारा हवा. पूर्वी इथल्याच फेडरल सरकारी वकिलांच्या ऑफिसात असलेले बरेच जण आता बचावाची कामं करतात. "ग्रँड ज्युरीच्या टप्प्यावरची किती प्रकरणं हाताळलीत?" हे थेट विचारा. फी ठरलेली रक्कम किंवा तासावर. "सुटलात तर पैसे द्या" असं फौजदारीत चालत नाही, कुणी म्हटलं तर उठून या.

ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो: १९६३चा गिडियन निकाल, १९६४चा क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्ट. नागरिकत्व बघत नाहीत, उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो. टार्गेट लेटर (तुम्ही टार्गेट आहात असं कळवणारं सरकारी पत्र) आलेल्याला कधीकधी आरोपपत्राच्या आधीही मिळतो. आणि हे वकील दुय्यम असतात हा समज आपल्या लोकांनी सोडावा, फेडरल डिफेंडर (सरकारी पगारावरचे बचावाचे वकील) रोज हेच करतात.

व्हिसाचं वेगळं बघा. गुन्हा कबूल करण्याआधी देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, पडिया निकाल, २०१०. फसवणुकीत समोरच्याचं नुकसान दहा हजार डॉलरच्या वर गेलं तर इमिग्रेशनच्या कायद्यात तो फार गंभीर गुन्हा धरतात, ग्रीन कार्डवालाही सुटत नाही. म्हणून इमिग्रेशनचा वकील सोबत हवा, आणि तोही स्वतःचा. एच-१बीचे कागद भरणारा कंपनीचा आहे, तो नको.

आरोपपत्रापर्यंत थांबू, मग बघू, असंही करू नका. २०२२ सालच्या फेडरल आरोपींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांनी गुन्हा कबूल केला. खटला लढून निर्दोष सुटले ते जेमतेम ०.४ टक्के. वकिलाला हातपाय हलवायला जागा असते ती आत्ता.

एडिसनची_सून

सगळ्यांचे आभार. शनिवारी गेलो नाही. मालक आधी चिडला, मग वेगळ्या वकिलाच्या पैशांचं "बघतो" म्हणाला.

काल वकिलाकडे गेलो. पूर्वी सरकारी बाजूला होत्या, आता बारा वर्षं बचावाची कामं करतात. मी वही-पेन घेऊन तयारीत बसले होते, तर बाईंनी पहिल्यांदा मलाच खोलीबाहेर काढलं. तिसरं माणूस समोर असलं की गोपनीयता जाऊ शकते म्हणे, मग ती बायको का असेना. पावणेदोन तास बाहेर टाकीतले मासे बघत बसले. हे बाहेर आले ते पांढरेफटक, पण दोन आठवड्यांत पहिल्यांदाच "भूक लागलीय" म्हणाले. सरकारी वकिलाचं उत्तर आलंय: सब्जेक्ट. कागदपत्रांसाठी मुदत वाढवून मागितलीय.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण सासरे रोज रात्री फोन करून विचारतात, "सांगितलंस का खरं?" त्यांना काय सांगू?

पिस्कॅटवेकर

सांगा, वकिलाने बोलू नका म्हटलंय. तलाठी होते ना, जबाब म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळेल.