मागचा सायलेन्सर घरीच बदलायचा आहे: बोल्ट, रबर, गॅस्केट, जोड यांबद्दल नेमकं सांगा

मुलुंडची_हॅचबॅक

मंडळी, गाडी १.२ लीटर, चार सिलिंडर, पेट्रोल, बीएस-४. मागच्या सायलेन्सरच्या डब्याची खालची शिवण गंजून फुटली आहे, अंगठा जाईल एवढं भोक आहे. पुढचा पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) ठणठणीत. मधला पाइप आणि मागचा डबा दोन बोल्टच्या फ्लँजने (पाइपच्या टोकाच्या चपट्या कडेने) जोडलेले, डबा तीन रबरांवर लटकलेला.

कंपनीच्या डब्याऐवजी बाहेरचा स्टेनलेस स्टीलचा बसवायचा आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन प्रकार दाखवले. एकात मूळ डब्यासारखे पडदे, म्हणजे आतून कप्पे पाडणारे पत्रे आहेत. दुसऱ्यात आरपार गेलेली जाळीची नळी आणि तिच्याभोवती लोकर. दुसरा वजनाला हलका आहे आणि त्याने पिकअप वाढतो असं दुकानदार म्हणतो.

पार्किंग सोसायटीत, खाली पेव्हर ब्लॉक, वर छत. गोटी (सॉकेट) पान्यांचा सेट, ट्रॉली जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड) आहेत. वेल्डिंग येत नाही. कोणता डबा घ्यावा, काम कोणत्या क्रमाने करावं आणि कुठे हमखास फसतं ते सांगा.

सहाकोनी_गोटी

पडद्यांचा घ्या. आवाज आणि कायद्याबद्दल इथे इतर लिहितीलच, मी कामाचं सांगतो.

आधी मापं, मग पैसे. फ्लँजच्या दोन बोल्टच्या भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत, नळीचा आतला व्यास, फ्लँजच्या तोंडापासून प्रत्येक रबराच्या सळईपर्यंतची लांबी आणि सळईची जाडी, एवढं व्हर्नियर आणि टेपने मोजून न्या. नवीन सळई जुनीपेक्षा २ मिमी जाड निघाली तर तुमचं रबर तिच्यावर चढताना फाटतं. सळया कोणत्या दिशेला वळल्या आहेत त्याचा खालून फोटो काढा. डावी-उजवी उलटी असलेला डबा दुकानात ओळखू येत नाही, गाडीखाली गेल्यावरच कळतो. लोहचुंबकही खिशात ठेवा. स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडला चुंबक जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चांगला चिकटतो. ४०९ वाईट नाही, गाडी बनवणारेही ते वापरतात. फक्त ३०४ चे पैसे देऊन ४०९ घरी आणू नका.

सोबत नवीन गॅस्केट (जोडात बसणारी, गळती रोखणारी चकती), दोन नवीन बोल्ट-नट आणि रबरांचा सेट घ्या. बोल्ट नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात, पण जुना नमुना घेऊन जा, कारण एम१० मध्ये १.२५ आणि १.५ मिमी असे दोन पिच (आट्यांमधलं अंतर) सर्रास मिळतात आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. नायलॉनची रिंग असलेला लॉकनट इथे चालत नाही, उष्णतेने नायलॉन वितळतं आणि नट सैल होतो. पूर्ण धातूचा लॉकनट मागा.

आता गाडी उचलणं. या कामाला मी जॅकपेक्षा रॅम्प सुचवेन. मागची चाकं उलट घेत रॅम्पवर चढवली की गाडीचं वजन चाकांवरच राहतं आणि हँडब्रेकही काम करतो. जॅक-घोडीच वापरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं तुम्ही हवेत उचलताय. म्हणजे हँडब्रेकचा उपयोग शून्य. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पेव्हर ब्लॉकवर घोडीचे पाय रुततात, म्हणून प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायचा फूटभर चौकोन टाका. घोड्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांवरच लावायच्या. मागच्या आडव्या बीमच्या मधोमध जॅक लावायला बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मनाई असते, ते पान आधी वाचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारा, सकाळी पुन्हा, आणि वीस मिनिटांनी हात घाला. बारा कोनांची गोटी वापरू नका. गंजलेल्या नटाची धार आधीच झिजलेली असते आणि बारा कोनी गोटी ती पार गोल करते. सहा कोनीच हवी. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, गंज कटकन तुटल्याचं हाताला जाणवतं, मग उलट फिरवा. अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत, थोडं तेल, असं करत काढा. सरळ जोर लावलात तर एम८ चा बोल्ट मोडणारच.

बोल्ट काढण्याआधी मधल्या पाइपखाली लाकडी ठोकळा द्या. डबा निघाला की पाइपचं टोक खाली लोंबतं आणि सगळा भार पुढच्या जाळीदार लवचिक नळीवर येतो. ती एकदा फाटली की हजारभराच्या कामाचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

रबरं शेवटी काढा, मागचं सर्वात शेवटी. सळईवर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा आणि पहारीने ढकला. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावलंत तर रबर फुगून मऊ पडतं आणि काही महिन्यांत तुटतं.

बसवताना क्रम उलटा, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी तिन्ही रबरांवर डबा लटकवा. मग गॅस्केट घालून दोन्ही बोल्ट फक्त बोटांनी फिरवा. मग डबा हाताने हलवून मधोमध आणा, चारी बाजूंची जागा बघा, आणि त्यानंतरच आवळा. आधी फ्लँज आवळून मग रबरं ओढूनताणून चढवली तर जोडावर कायमचा पीळ राहतो. काही आठवड्यांत गॅस्केट एका बाजूने फुंकू लागतं आणि दोष गॅस्केटवर येतो.

आवळताना दोन्ही बोल्ट आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा जोर) मिळाला तर तोच धरा. न मिळाल्यास ८.८ ग्रेडच्या एम८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४५ च्या आसपास. आट्यांवर तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावलीत तर हा आकडा वीसेक टक्के कमी करा, कारण तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्टवर स्प्रिंग असेल तर बोल्टचा खांदा टेकेपर्यंतच फिरवा. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकली तर जोडाला हलायला वाव उरत नाही.

ठाणे_क्रीक

वरच्या उत्तरात सगळं बरोबर आहे, फक्त 'चारी बाजूंची जागा' म्हणजे किती ते सांगतो, कारण थंड असताना ठीक वाटलेला डबा गरम झाल्यावर वाजतो.

स्टेनलेस ३०४ दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१७ मिमी वाढतं, साधं स्टील ०.०१२ मिमी. दीड मीटरचा स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला तर साडेसात मिमी लांबतो, साधा साडेपाच. ही वाढ रबरं सांभाळतात. म्हणून डबा कुठेही तारेने किंवा पट्टीने घट्ट बांधायचा नाही. बंपर, पत्रा आणि स्टेपनीच्या खड्ड्यापासून २० ते २५ मिमी मोकळं ठेवा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासून त्याहून जास्त. मधला चंदेरी उष्णतारोधक पत्रा काढून टाकू नका. तो खडखडतो म्हणून बरेच जण काढतात. त्याचा बोल्ट मोठ्या वायसरने पुन्हा घट्ट करा, खडखड थांबते.

खाली सरकूनही चालणार नाही. डब्याचा तळ जुन्या डब्यापेक्षा खाली आला तर मागे तीन माणसं बसवून सोसायटीच्या गेटवरचा स्पीड ब्रेकर ओलांडताना तो घासणार. बसवल्यावर मागच्या सीटवर वजन ठेवून जमिनीपासूनचं अंतर मोजा.

आता गळती तपासणं. हे इंजिन थंड असतानाच करायचं, आणि छताखाली नाही. गाडी उघड्यावर बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद पार्किंगमध्ये तो झपाट्याने साचतो. इंजिन सुरू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने मागचं तोंड काही सेकंद अर्धवट दाबा आणि दुसऱ्या माणसाला जोडाजवळ फुस्स आवाज येतो का ते ऐकायला सांगा. फ्लँजवर साबणाचं पाणी मारलं तर बारीक गळतीचे बुडबुडेही दिसतात. आठवड्याने जोडाच्या कडेला काळी काजळी दिसली तर गॅस्केट नीट बसलेलं नाही.

गळती थांबवायला लाल किंवा काळा सिलिकॉन सीलंट भरू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी, इंजिनाच्या बाजूला तो वापरला तर त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो, आणि मागच्या जोडावर वापरला तरी फ्लँजचा पीळ त्याने जात नाही. एक्झॉस्ट पेस्ट वेगळी मिळते, पण गॅस्केट आणि तोंड स्वच्छ असेल तर तिचीही गरज नाही. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडून काढा, फ्लँजवर सरळ पट्टी धरून पाहा. वाकली असेल तर सपाट कानशीने घासून घ्या.

शांत_सायलेन्सर

पिकअपबद्दल दुकानदार म्हणतो ते विसरा. कन्व्हर्टरच्या मागचा शेवटचा डबा बदलून १.२ लीटरच्या इंजिनाला जाणवेल अशी ताकद मिळत नाही. बदलतो फक्त आवाज आणि थोडं वजन.

आवाजाचं गणित सोपं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोनदा स्फोट होतो, म्हणजे २४०० आरपीएमला (मिनिटाला २४०० फेरे) सेकंदाला ८० वेळा. ८० हर्ट्झची ही घुमघुम बंद केबिनमध्ये कानाला नाही, छातीला लागते. आरपार जाळीचा डबा वरचे तीक्ष्ण आवाज शोषतो, पण इतक्या खालच्या आवाजावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ही घुमघुम मारायला बाजूला बंद टोकाची नळी जोडतात. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरला तर ८० हर्ट्झसाठी तिची लांबी १.४ मीटर येते. एवढी नळी हॅचबॅकखाली कुठे बसवणार? पडद्यांच्या डब्यात हे काम आतल्या कप्प्यांनी आधीच केलेलं असतं.

कायदा माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरबद्दल आहे. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ(४) आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मोटारींसाठी धावत्या चाचणीतली मर्यादा ७४ डेसिबल आहे. ती चाचणी ठरावीक मैदानावर होते, मोबाइलच्या अ‍ॅपने पार्किंगमध्ये मोजून ती सिद्ध होत नाही. त्यामुळे साधा निकष लावा: नवा डबा जुन्या, न फुटलेल्या डब्यापेक्षा मोठा वाजता कामा नये. बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा.

कन्व्हर्टरला हात लावू नका, कोणी 'आतलं काढून देतो' म्हटलं तरी. मागचा ऑक्सिजन सेन्सर ते लगेच पकडतो, इंजिनाचा दिवा लागतो आणि पीयूसीत गाडी अडकते. त्याहून वाईट म्हणजे तो विषारी धूर सिग्नलवर शेजारच्या रिक्षात बसलेल्या लेकराच्या नाकात जातो.

मुलुंडची_हॅचबॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. पडद्यांचा डबा ठरला. दोनच शंका. एक बोल्ट खूपच खाल्लेला दिसतो, तो मोडला तर? आणि नव्या डब्याच्या तळाला बारीक भोक आहे. दुकानदार म्हणतो ते वेल्डिंगचं राहिलंय, बुजवून घ्या. बुजवू का?

सहाकोनी_गोटी

बोल्ट मोडला तर आधी पाहा की मागे सुटा नट आहे की फ्लँजलाच वेल्ड केलेला. सुटा असेल तर हॅकसॉने नट कापा आणि बोल्ट ठोकून बाहेर काढा. इंचाला ३२ दात असलेलं ब्लेड घ्या. ग्राइंडर नको, ठिणग्या टाकीच्या बाजूला उडतात. वेल्ड केलेला असेल तर मोडक्या बोल्टच्या मधोमध पंच मारा, ४ मिमी ड्रिलने वाट करा, मग १०.५ मिमीने आरपार करा आणि एम१० चा लांब बोल्ट मागे नट लावून घाला. पुन्हा आटे पाडण्यापेक्षा हे टिकाऊ. मात्र मागे नट आणि पाना जाईल एवढी जागा आहे का ते आधी बघा.

ठाणे_क्रीक

भोक बुजवू नका! ते पाणी निघायचं भोक आहे. एक लीटर पेट्रोल जळताना जवळपास एक लीटरच पाणी तयार होतं. गरम असताना ते वाफ होऊन निघून जातं. मुलुंड ते भांडुप अशा पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत मागचा डबा पुरता तापतच नाही, पाणी आत साचतं आणि शिवण आतून खाते. तुमचा जुना डबा खालच्या शिवणीवरच फुटला आहे, त्यामागे हेच असण्याची शक्यता मोठी.

बसवताना ते भोक डब्याच्या सर्वात खालच्या बाजूला येतंय याची खात्री करा. डबा थोडा फिरला तर भोक बाजूला जातं आणि पाणी आतच राहतं. पावसाळ्यात चिखलाने ते बुजतं, महिन्यातून एकदा तार घालून मोकळं करा. आठवड्यातून एकदा पूर्व द्रुतगती मार्गावर पंचवीस-तीस मिनिटं सलग चालवा, डबा आतून कोरडा होतो. पहिल्या १०० किलोमीटरनंतर गाडी थंड असताना दोन्ही बोल्ट पुन्हा तपासा. नवं गॅस्केट दबतं, पाव फेरा तरी फिरतोच.