मंत्री-मंत्री भेटतात, संत्रा मात्र सीमेवर अडतो

मोर्शीचा बागवान :
काल संध्याकाळी बागेतून आलो, हातपाय धुतले आणि टीव्हीसमोर बसलो. परराष्ट्र मंत्र्यांच्या कुठल्याशा बैठकीवर चर्चा चालली होती. समन्वय, संकट व्यवस्थापन, व्यापार धोरण. हेच तीन शब्द घोळून घोळून. बायको म्हणाली, "या समन्वयात आपल्या आंबिया बहाराच्या संत्र्याला काय भाव धरला, ते ऐका जरा." ती गमतीत बोलली, पण रात्रभर माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

मोर्शी-वरूडच्या संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये तिथे किलोमागे 20 टका शुल्क होतं, 2023 पर्यंत ते 88 टका झालं. बागेत मला किलोला जे मिळतात त्यापेक्षा शुल्कच जास्त. आणि आपण काय करतो? साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारात 2011 पासून त्यांचा जवळपास सगळा माल बिनशुल्क घेतो. दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तू तेवढ्या वगळल्या.

बिमस्टेक ही बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना 1997 ची. त्यातल्या मुक्त व्यापाराचा आराखडा 2004 साली झाला. त्या साली लावलेली माझी झाडं आता डिंक्या रोगानं वाळायला लागली, करार अजून व्हायचाच आहे. 3 एप्रिल 2025 ला बँकॉकमध्ये बिमस्टेकचे परराष्ट्र मंत्री भेटले, 4 तारखेला मोदी आणि बांगलादेशचे तेव्हाचे हंगामी प्रमुख युनूस भेटले. 8 तारखेला आपण बांगलादेशची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशात माल पाठवायची, सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात त्यांनी आपलं सूत जमिनीच्या रस्त्यानं घेणं बंद केलं. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे त्या रस्त्यानं अडवले.

या बैठका म्हणजे सोयरिकीतला मानपान. शाल-नारळ होतो, देण्याघेण्याचं कोणी काढत नाही. कोणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

काटोलचा मास्तर :
बागवानभाऊ, आकडे बरोबर आहेत, पण खटला चुकीच्या माणसावर भरला तुम्ही. आयात शुल्क परराष्ट्र मंत्री लावत नाही आणि काढतही नाही. तिकडे ते त्यांचं महसूल मंडळ ठरवतं, इकडे वाणिज्य आणि अर्थ मंत्रालय. जयशंकर ढाक्यात विषय काढू शकतात, हुकूम सोडू शकत नाहीत. शिवाय तो कर काही आपल्या संत्र्यावर डूख धरून लावलेला नाही. 2022 मध्ये त्यांच्याकडे डॉलरची चणचण झाली तेव्हा बाहेरून येणाऱ्या फळांवर आणि चैनीच्या वस्तूंवर सरसकट बोजा टाकला.

आता दुसरी बाजू पहा. 2025 च्या खरिपात डीएपी खतासाठी पहाटेपासून रांगा होत्या, कारण चीननं निर्यात आवळली होती. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्र मंत्री वांग यी दिल्लीला आले तेव्हा खताचा विषय निघाला. त्याआधी जुलैत सौदीशी वर्षाला 31 लाख टन डीएपीचे करार झाले, पाच वर्षांसाठी. हे असं बसून बोलल्याशिवाय होतं का?

यवतमाळचा पऱ्हाटीवाला :
मास्तर, त्या रांगेत आमी होतो, तुमी नोयते. एका दुकानदारानं डीएपीच्या बॅगेसंग नको असलेली बाटली गळ्यात मारली. बाटली अजून कोठ्यात पडून हाय.

पन मी बागवानाच्या बाजूनंबी नाई. बैठकीतून काई होत नाई असं कोन म्हन्ते? लय होते राजेहो, फक्त आपल्यासाठी होत नाई. 2016 मदी मोझांबिकसंग करार झाला. पयल्या वर्षी 1 लाख टन डाळ घेऊ, मंग वाढवत वाढवत 2 लाख टन. 2021 मदी म्यानमार आन मलावी. तथच्या शेतकऱ्याले आपल्या सरकारनं खरेदीचा शबूद देला, तोबी लेखी. आमच्या तुरीले हमीभाव हाय, पन 2025 च्या सुरवातीले मार्केटात हमीभावाखाली बोली लागून रायली होती. मंग समन्वय कोनासंग झाला?

कापसाचं तसंच. ट्रम्पनं आपल्या मालावर 50 टक्के लावले, गिरन्या ओरडल्या. ऑगस्टात सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उचललं, सप्टेंबरपर्यंत म्हनून, आन मंग डिसेंबरपर्यंत ताणलं. आमचा सीतादहीचा, म्हंजे पयल्या वेच्याचा, कापूस घरात याच्या टायमालेच. झगडा वॉशिंग्टनचा, आन मार आमच्या पाठीत.

दारव्ह्याची सून :
सगळे भावावरच बोलत आहात. संकट व्यवस्थापन हाही शब्द बागवानभाऊंनीच लिहिला आहे, त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

माझा पुतण्या 2022 मध्ये युक्रेनच्या सुमी शहरात डॉक्टरकी शिकत होता. नळ बंद पडले तेव्हा पोरं बर्फ वितळवून पाणी पीत होती. जाऊबाईंनी फोन चार्जरवरून काढला नाही, देवघरातच जोडून ठेवला होता. त्यांच्या बसेस एकदा भरून परत रिकाम्या केल्या, आणि 8 मार्चला खऱ्या निघाल्या. दोन्ही बाजूंची तोफ थांबल्याशिवाय ती बस हलत नव्हती. दोन्हीकडे ओळख असलेला माणूस लागतो, आणि ती ओळख अशाच बैठकांतून होते. गावातही दुसऱ्याच्या सुखदुःखाला गेलेलाच माणूस रात्री बारा वाजता दार वाजवू शकतो.

पोरगा सुमीला कशाला गेला हे विचाराल, तर इथली फी परवडत नव्हती. दोन एकर विकूनही.

मोर्शीचा बागवान :
ताई, पुतण्या परत आला याचा आनंदच आहे. तिथे मी गप्प. पण मास्तर, "आमचं खातं नाही" हे उत्तर आम्ही तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत ऐकत आलो. वाणिज्यवाले म्हणतात संबंध बिघडलेत, परराष्ट्रवाले म्हणतात शुल्क आमच्याकडे नाही. मग समन्वय समन्वय म्हणतात तो नेमका कोणाकोणात?

काटोलचा मास्तर :
हे मान्य. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

पण पऱ्हाटीवाल्यांना एक विचारतो. 2015 च्या शेवटी तूरडाळ 200 रुपये किलो झाली होती. तुमच्याकडे निंदायला येणाऱ्या बाया ती डाळ कशी घेत होत्या? मोझांबिकचा करार हवेतून आला नाही.

यवतमाळचा पऱ्हाटीवाला :
ते खरं हाय, मजुराच्या ताटात वरन पाह्यजे. पन टंचाईच्या साली केलेला करार पिकाच्या सालीबी तसाच चालते, हे कोन्या शास्त्रात बसते? डाळ महागली का आठ दिवसांत शुल्क माफ. पडली का समिती.

वरूडचा अडत्या :
मी पंधरा वर्षांपासून कोलकात्याकडे माल भरतो, म्हणून दोन शब्द. शुल्क उद्या उतरलं तरी 2019 चे दिवस लगेच येणार नाहीत. आपलं फळ नसताना त्यांच्या दुकानात इजिप्तचा, दक्षिण आफ्रिकेचा माल्टा बसला. कडक साल, चकाकी, पंधरा दिवस टिकतो. आपला संत्रा सालीनं ढिला. सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर गाडी दोन दिवस जास्त उभी राहिली की तळचे कॅरेट रडायला लागतात. खालून पिवळं पाणी टपकताना दिसलं की क्लीनर आधी मला फोन करतो आणि मग मालकाला. म्हणून मला शुल्काइतकीच सीमेवरची रांग महत्त्वाची वाटते, आणि ती दोन सरकारं बोलत असली तरच सरकते. एवढ्यापुरता मी मास्तरांकडून.

एक मात्र कबूल करतो, रागावू नका. बागेचा सौदा करताना "बांगलादेश बंद आहे" हे वाक्य आम्हालाही सोयीचं पडतं. माल दिल्ली-बंगळूरला जायचा असला तरी.

काटोलचा मास्तर :
अडत्याबुवांनी या चर्चेच्या धाग्याचं सोनं केलं!

बागवानभाऊ, एक तारीख लिहून ठेवा. 24 नोव्हेंबर 2026 ला बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणार असं 2021 मध्ये ठरलं. तुम्ही म्हणता ती बिनशुल्क सवलत त्या यादीच्या जोरावर मिळालेली. ती टिकवायची तर त्यांना आपल्याशी नव्यानं बोलावं लागेल. संत्र्याचं म्हणणं मांडायला याच्याइतकी चांगली वेळ मला तरी दिसत नाही.

मोर्शीचा बागवान :
वेळ चांगली आहे, पण मांडणार कोण? लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे, कोळशी रोगावर फवारा कशाचा मारायचा ते सांगतात. ढाक्यात काय मागायचं, हे आम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही. ताईंचं पटलं, ओळख ठेवावी लागते. आमची ओळख आमदारापर्यंतच जाते, आणि तीही निवडणुकीच्या साली. तरी तारीख लिहून ठेवली, बायकोनं कॅलेंडरवर गोल केला.

अडत्याबुवा, सोमवारी माझ्या बागेच्या सौद्याला तुमचाच माणूस येणार आहे. इसार थोडा कमी आणला तरी चालेल, बांगलादेश तेवढा वरूडलाच ठेवून यायला सांगा.