थंडीतलं अंगण, घरातल्या कुंड्या आणि रुसलेली शेवंती : तुमचे अनुभव लिहा

दारची_शेवंती
आज मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडायला फुलं हवीत म्हणून इथं साताऱ्यात राजवाड्याकडं गेले, शेवंतीचा वाटा हातात घेतला आणि वास आला तशी एकदम शाहूपुरीतल्या आजीच्या परड्यात जाऊन पोचले. बारकी पिवळी गावठी शेवंती, कडेनं दगड लावलेले, आणि आजी सकाळी बंबाला घालायला वाळका पाला गोळा करायची त्यामुळं परडं कधी झाडावं लागायचंच नाही. तिचे थंडीचे नियम ठरलेले. पाणी सकाळी उन्हं अंगणात उतरल्यावर, तिन्हीसांजेला थेंब नाही. तुळशीवर रात्री जुनं लुगडं टाकायचं. मोगऱ्याचं पाणी तोडायचं. कुणी रोप मागायला आलं तर "संक्रांत होऊ दे मग ये".

आता माझं गोडोलीत घर आहे, पुढं चार फरश्यांचं अंगण, बाकी सगळं कुंड्यांत. यंदा शेवंती कमरेएवढी झालीय, हिरवीगार, शेणखत वेळेवर, शेंडे खुडले, सगळं केलं, पण कळी म्हणून नाही. डिसेंबर संपत आला! दरवर्षी याच कुंड्यांतल्या फुलांवर माझे चारी गुरुवार व्हायचे.

तर तुमच्याकडं थंडीत काय करता, अंगणात, गच्चीत, घरात? आठवेल तसं लिहा.

कंदी_पेढा
आधी वाट्याचा भाव लिहा, मग पुढचं बोलू

दारची_शेवंती
नको विचारू. तेवढ्यात तुझे पेढे आले असते.

परड्यातली_मामी
मावा, झाडावरची ती बारकी कीड. थंडी म्हणलं की मला मावाच आठवतो. ढगाळ हवा पडली की घेवड्याच्या शेंड्यावर काळा थर, शेवंतीच्या देठावर पण बघ गं, वरून पानं हिरवी दिसतात आणि खाली कॉलनी वसलेली असते. मी पहिल्यांदा नुसता पाण्याचा फवारा जोरात मारते, अर्धा मावा तिथंच जातो. मग निंबोळी अर्क. शेतात ५ टक्के म्हणतात म्हणजे १०० लिटरला ५ किलो, आपल्याला कुंडीपुरतं लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून मारायचं, संध्याकाळी मारायचं उन्हात नाही. आणि एक, झाडावर काळी-केशरी काटेरी दिसणारी बारकी अळी असेल तर मारू नका, ते ढालकिड्याचं पिल्लू आहे, ते पण भरपूर मावा खातं. आमच्याकडं घरचे लोक ती वेचून वेचून मारत होते, मी ओरडले. कुकर लागलाय, येते परत.

बेदाणे_बाय_द_किलो
मावा परवडला म्हणायची वेळ आलीय आमच्याकडं. तासगाव साईड. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली, मणी धरलेत आणि सकाळी धुकं. धुकं म्हणजे दावण्या, भुरी, सगळी बुरशीची पाहुणी मंडळी एकदम. मेहुणा रात्री तीनला उठून बाहेर हात काढून बघतो दव किती पडलंय. तुमच्या शेवंतीला कळी नाही तर तुम्ही मंडईत जाता, याला रोज हवामानाचे चार ॲप उघडायला लागतात आणि चारही वेगळं सांगतात.

विषय सोडून लिहिलं, सॉरी. बायकोच्या गुलाबावर पण भुरी येते, ती लिटरभर पाण्यात वाटीभर आंबट ताक घालून मारते. चालतं बऱ्यापैकी. छाटणी केली की पानांत हवा खेळते, ते ताकापेक्षा महत्त्वाचं हे माझं मत.

कुंडीबहाद्दर
सांगली, विश्रामबाग, तिसरा मजला, अंगण वगैरे शब्द आम्ही फक्त ऐकतो.

आमचा सगळा खेळ उन्हाच्या तिरपेचा. उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही, सूर्य डोक्यावरून जातो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि ऊन थेट किचनच्या ओट्यापर्यंत आत येतं. मग मी दिवाळीनंतर सगळ्या कुंड्यांची बदली करतो. उत्तरेच्या बाल्कनीतला कढीपत्ता, पुदिना, मिरची दक्षिणेला, आणि सिंगोनियम, झेडझेड, पीस लिली आत जरा मागं. बायको म्हणते ऑफिसात बदली मिळेना म्हणून घरात काढतोस.

पाणी हा दुसरा मुद्दा. घरातली झाडं थंडीत तहानेनं मरत नाहीत, बुडून मरतात. वाढ थांबलेली असते, माती वाळत नाही, वर आपण रोज सकाळी प्रेमानं तांब्या ओततो. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर तांब्या परत ठेवा. स्नेक प्लांटला तर महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. अडेनियमची पानं गळाली की ते झोपलंय समजायचं, पाणी जवळपास बंद. मातीतून बारक्या काळ्या माश्या उडायला लागल्या की समजा पाणी जास्त होतंय.

मिरजेची_सतार
मनी प्लांट मांजरानं खाल्लं तर काय होतं?? अर्जंट

कुंडीबहाद्दर
तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. पीस लिलीचं पण तेच, दोन्हीत बारीक टोचणारे स्फटिक असतात. किती खाल्लं? डॉक्टरला फोन करा लगेच.

मिरजेची_सतार
एक पान चघळलं आणि माझ्याकडं बघून थुंकलं. आता दूध पितोय. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. मनी प्लांट फ्रिजवर गेलाय.

कंदी_पेढा
बोका फ्रिजवर चढत नाही वाटतं

मिरजेची_सतार
...

कराडची_शिकागोत
इथं मध्यरात्र आहे आणि बाहेर उणे १५. तुमचं सगळं वाचून पोटात कालवलं. आमच्या यार्डातलं थंडीचं काम पहिला बर्फ पडायच्या आत उरकायला लागतं. बागेचा पाइप रिकामा करून गुंडाळायचा, बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून नळ उघडा ठेवायचा, नाहीतर आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि भिंतीतला पाइप फुटतो. शेजाऱ्यांचा फुटला होता, तळघरात तळं. पानं सगळी गोळा करायची म्हणून मी सुरुवातीला हटून बसायचे, आता वाफ्यावर थर ठेवून देते, मुळांना पांघरूण होतं. वाळक्या फुलझाडांचे दांडे पण वसंतापर्यंत कापत नाही, त्यात किडे आणि एकट्या राहणाऱ्या मधमाश्या थंडी काढतात. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात ते कडेच्या गवताला जाळतं.

आणि कढीपत्ता! इथल्या प्रत्येक मराठी घरात कढीपत्ता हा घरातला सदस्य आहे. सप्टेंबरात रात्रीचा गारवा सुरू झाला की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत, वर ग्रो लाइट. तरी हीटरनं हवा एवढी कोरडी होते की पानं गळतात आणि लाल कोळी ही कीड लागते. मग आंघोळ घालायची, खरंच बाथरूममध्ये नेऊन शॉवर. तुळस मात्र मला जगवता येत नाही म्हणून दरवर्षी मंजिऱ्या जपून ठेवते आणि उन्हाळ्यात परत पेरते. आईला सांगितलं तर म्हणाली, लुगडं टाक. आई, उणे १५ ला पैठणी टाकली तरी काय होणारे.

परड्यातली_मामी
बाळा अंगात स्वेटर घालतेस ना नीट. आणि मंजिऱ्या झाडावर ठेवू नकोस, खुडत जा, तुळस टिकते जास्त दिवस.

कराडची_शिकागोत
हो मामी :)

नाना_कोरेगावकर
शेवंतीवाल्या ताई, तुमच्या दारात रस्त्याचा दिवा हाय का बगा. नवा बसवलाय का. कुंड्यांवर रात्रभर उजेड पडतोय का.

दारची_शेवंती
नाना, आहे की! गणपतीच्या आधी गेटसमोर एलईडी लागला, पांढराशुभ्र, अंगणात पेपर वाचता येईल एवढा. का?

नाना_कोरेगावकर
मग खताचा दोष न्हाय. शेवंती रात मोजती. रात लांब झाली की तिला कळतं आता फुलायचं. मधी उजेड पडला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू हाय, ती नुसती पाला वाढवत ऱ्हाती. पॉलिहाऊसवालं ह्योच डाव करत्यात, रात्री बल्ब लावून फुलं मुद्दाम लांबवत्यात, बाजार बगून सोडत्यात. आमच्या भाच्याचं पॉलिहाऊस हाय म्हणून ठावं. तुमच्या कुंड्यांत एकादी आडोशाला असंल तर तिला कळी आली का बगा.

दारची_शेवंती
आत्ता टॉर्च घेऊन बाहेर जाऊन आले. जिन्याखाली एक कुंडी आहे, जागा नव्हती म्हणून सरकवलेली. तिला कळ्या आहेत!! बारीक बारीक, पण आहेत. बाकी सगळ्या दिव्यासमोर बसून मजा बघतायत. नाना, पाया पडते.

कुंडीबहाद्दर
वा नाना. पॉइन्सेटियाचं पण हेच असणार मग. माझा हॉलमध्ये टीव्हीजवळ आहे, लाल व्हायचं नाव नाही.

नाना_कोरेगावकर
त्येचं बी तसंच. संध्याकाळी सहाला खोक्याखाली झाका, सकाळी काढा. दीड दोन महिने लागत्यात, नेम सोडायचा न्हाय. यंदा आता उशीर झाला, फुडल्या वर्षी नवरात्रापास्नं धरा.

कंदी_पेढा
टीव्ही बंद ठेवा ना सहानंतर

कुंडीबहाद्दर
घरात मालिका चालू असतात. झाड राहू दे हिरवं.

दारची_शेवंती
मी आज जुनी काळी चादर आणि दोन खुर्च्या असा मांडव केलाय. मिस्टर विचारतात झाडांना पण डोळ्यावर पट्टी लागते का झोपताना.

अजिंक्यतारा_७
पाला गोळा करून कोपऱ्यात ढीग लावणाऱ्यांना एक सांगतो. थंडीत घोणस दिवसा उन्हाला बाहेर येते, हा त्यांचा मिलनाचा काळ असतो, आणि वाळक्या पाल्यात ती समोर असून दिसत नाही, रंगच तसला. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला की आहे तिथं थांबा आणि हळू मागं या. ढिगात हात घालू नका, आधी काठीनं हलवा, पायात बूट घाला. दिसली तर मारायला धावू नका, लांबून लक्ष ठेवून सर्पमित्राला बोलवा. चावलीच तर मंत्रतंत्र, कापणं, घट्ट बांधणं काही नाही, सरळ सरकारी दवाखाना. आमच्या किल्ल्याच्या अंगाला हे दरवर्षीचं.

पाला जाळू पण नका हो, सगळ्या गल्लीला खोकला. मी जुन्या ड्रममध्ये पाला, वर शेणाचं पाणी, परत पाला असं भरत जातो, पावसाळ्यापर्यंत काळं खत होतं. बदामाची पानं मात्र लवकर कुजत नाहीत, ती आधी तुडवून बारीक करायची.

मिरजेची_सतार
आता मी अंगण झाडायला जाणार नाही. कारण मिळालं.

हळदीचा_हात
माझी कुंडीतली हळद मेली का? पानं पिवळी होऊन आडवी पडली, पाणी वाढवलं तरी तेच

परड्यातली_मामी
अगं मेली कुठं, तयार झाली! पाणी वाढवू नकोस, बंद कर. अक्षयतृतीयेच्या सुमाराला लावलेली ना? मग साधारण आठ-नऊ महिन्यांनी काढायची, पाला पूर्ण वाळू दे, जानेवारीत कुंडी उलटी कर. सांगलीची हळद म्हणून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आणि सांगलीची पोरगी विचारतीय हळद मेली का.

हळदीचा_हात
मी लातूरची आहे मामी, सून म्हणून आलेय :( पण हरिपूरची पेवं दाखवायला सासरे घेऊन गेले होते, जमिनीखाली हळद साठवायची जागा. २००५ च्या पुरात बरीच गेली म्हणाले.

वखारभाग
पुराचं नाव काढलं म्हणून लिहितो. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं अंगण पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर गाळ राहिला. चिकूचं झाड हळूहळू वाळलं, मुळं गुदमरली. पण त्याच थंडीत आईनं त्या गाळात मेथी-कोथिंबीर टाकली आणि घर अजून ओलं असताना ताटात मेथी आली. मला तेव्हा तिचा राग आला होता, भिंतींना पोपडे आणि ही वाफे करतीय. तिला काहीतरी उगवताना बघायचं होतं बहुतेक.

आमची काळी माती कुंडीत नुसती घालू नका कुणी. थंडीत दिवसेंदिवस ओली राहते आणि उन्हाळ्यात भेगा. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर जाड वाळू.

दारची_शेवंती
आईंना नमस्कार सांगा.

बेदाणे_बाय_द_किलो
भोगीच्या भाजीचं काय काय निघतंय घरचं? आमच्याकडं पावटा, वांगी, गाजर. वांगी कृष्णाकाठची, आधीच सांगतो, वाद नको.

कंदी_पेढा
कृष्णा आमच्याकडनंच खाली येते, महाबळेश्वरातनं. म्हणजे वांगी आमचीच.

बेदाणे_बाय_द_किलो
तुमच्याकडं ती उड्या मारत येते. वांगी यायला संथ वाहावं लागतं.

नाना_कोरेगावकर
घेवडा आमचा. त्यात बी वाद न्हाय.

हळदीचा_हात
कोथिंबीर उगवत नाही त्याचं पण सांगा ना कुणीतरी, भोगीपर्यंत येईल का? अख्खे धणे टाकलेत

परड्यातली_मामी
अख्खे नाही गं टाकायचे, चपलेखाली रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या. आठ-दहा दिवस उगवायलाच जातात, थंडीत जास्तच. भोगीला मंडईतनं आण, ही होळीच्या आत काप.

कंदी_पेढा
चपल कुठली, कोल्हापुरी चालेल?