वडील आणि काका, दोघांनाही पन्नाशीच्या आसपास पक्षाघात: जनुकीय तपासणी करावी का?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या वडिलांना ४९व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. त्यांना रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तंबाखूचे व्यसनही नाही. धाकट्या काकांना ५२व्या वर्षी असाच झटका आला होता. आजीला आयुष्यभर अर्धशिशीचा त्रास होता आणि शेवटी तिची स्मृती गेली. आता डॉक्टरांनी वडिलांची जनुकीय तपासणी सुचवली आहे. मी ३१ वर्षांचा आहे, बहीण २६ची. आम्हीही ती करावी का? शिवाय वडिलांसोबत दाखल झालेले, वयाने मोठे असलेले एक गृहस्थ तीन महिन्यांत चालू लागले, वडील मात्र अजून आधाराशिवाय उभे राहू शकत नाहीत. हा फरकही जनुकांचाच का?

उत्तर १:
कमी वयातील झटके, अर्धशिशी आणि विस्मृती एकाच घराण्यात दिसतात, तेव्हा कॅडासिल या आजाराचा विचार करावाच लागतो. तो १९व्या गुणसूत्रावरील नॉच-३ या जनुकातील बदलामुळे होतो, हे पॅरिसमधील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. बदललेले प्रथिन मेंदूतील बारीक धमन्यांच्या भिंतींत साचत जाते, तिथल्या स्नायुपेशी झिजतात आणि मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्त अपुरे पडू लागते. कानशिलामागील खंडाच्या पुढच्या टोकाला एमआरआयमध्ये पांढरे डाग आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. ती या आजाराची मोठी खूण आहे. अर्थात, एकाच जनुकामुळे येणारे झटके विरळाच. २०२२ मध्ये एक लाख दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात पक्षाघाताच्या धोक्याशी निगडित अशा जनुकसंचातील ८९ जागा आढळल्या, पण त्यांतील प्रत्येकीचा वाटा अगदी लहान असतो.

उत्तर २:
मी जनुकीय समुपदेशनाचे काम करते. आधी फक्त वडिलांची तपासणी होऊ द्या. त्यांच्यात बदल सापडला, तरच तुम्हा भावंडांचा प्रश्न उभा राहतो, आणि तेव्हा प्रत्येकाला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी असते. हा आजार थांबवणारे औषध आज नाही, त्यामुळे लक्षणे नसताना जाणून घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. बहिणीच्या वतीने तुम्ही ठरवू नका, आणि लग्नाच्या बोलणीच्या घाईत तर मुळीच नको. धूम्रपान टाळणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे मात्र निकालाची वाट न पाहता सुरू करता येते, कारण बदल असलेल्या व्यक्तींमध्ये या दोन्ही गोष्टींमुळे झटका लवकर येऊ शकतो.

उत्तर ३:
मी पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायामोपचार देतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. सीसीआर-५ या जनुकाचा एक निकामी प्रकार असलेल्या रुग्णांची सुधारणा अधिक चांगली झाली, असे इस्रायलमधील रुग्णांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तो प्रकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, आपल्याकडे क्वचितच. एका रुग्णाचे भवितव्य अशा चाचणीवरून आज कोणी सांगू शकत नाही. इजा किती मोठी होती, मेंदूच्या कोणत्या भागात झाली आणि पहिल्या दिवसांत हातापायात किती ताकद उरली होती, याने कितीतरी अधिक फरक पडतो. वडिलांची त्या गृहस्थांशी तुलना त्यांच्यासमोर कृपया करू नका. असे बोलणे ऐकून व्यायाम सोडून दिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.