मदत हवी आहे: बाबांचं बोट तळहाताकडे वाकत चाललंय. दारू, ग्राइंडर की साखर?

उचगावची लेक

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळची, उचगाव भागातली. बाबांच्या हाताबद्दल विचारायचं आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

बाबांचं वय ६३. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ते फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा आणि जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढायचं, घट्ट बसलेलं असेल तर हवेवर चालणाऱ्या छिन्नीने उडवायचं. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं हेच काम. संध्याकाळी घरी आले की चहाचा कप धरताना हात थरथरायचा, ते मला लहानपणापासून आठवतं.

निवृत्तीच्या आधीच उजव्या तळहातात, करंगळीशेजारच्या बोटाच्या खाली, एक टणक गाठ आली होती. कामाचा घट्टा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग गाठीपासून बोटापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखं दिसायला लागलं आणि बोट हळूहळू आत वाकायला लागलं. आता करंगळीही त्याच वाटेवर आहे. दुखत अजिबात नाही. मूठ घट्ट वळते, पण हात उघडत नाही. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, खिशात हात घातला की अडकतो. डाव्या तळहातातही एक छोटी गाठ लागते.

बाबा आमच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. थापेला तळवा पूर्ण उघडा लागतो, तो आता पडत नाही. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डुपुट्रेन्स कॉन्ट्रॅक्चर असं नाव सांगितलं आणि अजून वाढलं की या म्हणाले. कशामुळे झालं ते काही बोलले नाहीत.

आता खरी अडचण. बाबा दारू घेतात. रोज नाही, पण घेतात, पूर्वी पगाराच्या आठवड्यात जास्तच व्हायची. विडी सोडून बरीच वर्षं झाली. साखरेची गोळी चालू आहे. आणि एका लग्नात आमच्या आत्याने भर पंगतीत सांगितलं, "पिऊन पिऊन शीर आखडली बघा ह्याची." तेव्हापासून बाबा चारचौघांत हात टॉवेलाखाली धरून बसतात. भजनाला जाणं बंद केलं. शेजारी एकदोघं महारोगाचंही कुजबुजतात.

मला एवढंच नेमकं जाणून घ्यायचं आहे, की हे खरंच दारूने होतं का? की ग्राइंडरने? की साखरेने? दारू पूर्ण बंद केली तर बोट सरळ होईल का? आणि माझा धाकटा भाऊही आता तसल्याच मशीनवर आहे, त्याने काय सांभाळावं? बाबांचा काही दोष असेल तर तोही मला कळू दे, मी ऐकून घेईन. पण नसलेला दोष त्यांच्या माथी मारलेला मला सहन होत नाही.

खानापूरवाला

ताई, आमच्या काकांचीही बोटं आखडली होती. रोज रात्री कोमट तिळाचं तेल जिरवायचं आणि बोट पट्टीला सरळ बांधून झोपायचं. फरक पडतो. दारू मात्र बंदच करायला सांगा, नसांना तीच खाते.

शहापूरची फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे हात अधूनमधून बघते. लेकी, आधी कुजबुजीचं बघू, कारण तो संशय मनात ठेवून बसणं वाईट. कुष्ठरोगात हाताची नस बिघडते, त्यामुळे बोटं वाकतात ती स्नायू दुबळे पडून. तिथे करंगळीकडची बाजू बधिर असते, अंगावर न कळणारा चट्टा असू शकतो, तळहात मांस गेल्यासारखा खोलगट दिसतो. आणि ती बोटं, निदान सुरुवातीला तरी, दुसऱ्या हाताने धरून सरळ करता येतात. तुमच्या बाबांचं उलट आहे. कातडीखाली दोरी लागते, ती बोट ओढून धरते, धरून सरळ केलं तरी होत नाही. डोळे मिटायला सांगून करंगळीला कापसाने स्पर्श करा. कळला तर बरीचशी चिंता मिटते. शंका राहिलीच तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे, आणि तो रोगही पूर्ण बरा होतो, हे शेजाऱ्यांनाही सांगा.

आता शीर. यात शीर आखडलेली नसते आणि बोट हलवणारा स्नायूबंधही ठीक असतो. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, त्यामुळे वस्तू धरताना कातडी सरकत नाही. या आजारात त्या पडद्यातल्या काही पेशी बदलतात, कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन जादा तयार करतात आणि स्वतःही आकसतात. जखम भरताना व्रण ओढला जातो त्याच जातीच्या पेशी या, फक्त इथे जखम नसताना कामाला लागतात. आधी गाठ, मग दोरी, मग वाक, हा क्रम तुम्ही लिहिलाय तो पुस्तकात असतो तसाच आहे. फ्रान्सचे शल्यचिकित्सक डुपुट्रेन यांनी १८३१ मध्ये यावर शस्त्रक्रिया करून व्याख्यान दिलं, म्हणून त्यांचं नाव. तेही तेव्हा हाताच्या कामालाच दोष देत होते, म्हणजे तुमचा प्रश्न जुना आहे.

सगळ्यात मोठा वाटा रक्ताचा. डेन्मार्कमध्ये जुळ्यांवर अभ्यास झाला, त्यात या आजाराचा सुमारे ८० टक्के भाग अनुवंशिक निघाला. उत्तर युरोपातल्या लोकांत तो खूप, आपल्याकडे कमी, पण आपल्याकडे होतच नाही असं नाही. पुरुषांत जास्त आणि पन्नाशीनंतर जास्त.

दारूचं खरं सांगते. जास्त पिणाऱ्यांत हा आजार अधिक दिसतो, सिगारेट ओढणाऱ्यांतही दिसतो, हे पुष्कळ अभ्यासांत आलं आहे. पण अधिक दिसणं आणि त्यानेच होणं यात अंतर आहे. थेंबही न घेणाऱ्या माणसांना होतो, आणि आयुष्यभर पिणाऱ्या बहुतेकांचे तळवे साफ असतात. एखाद्या माणसाचं बोट दाखवून हे दारूनेच झालं असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. तुमच्या आत्याबाईंनाही ते सांगता येणार नाही. दारू कमी करायला माझा पाठिंबाच आहे, पण लिव्हरसाठी आणि साखरेसाठी.

साखरेचा संबंध त्याहून पक्का आहे. मधुमेह जुना होत जातो तसं याचं प्रमाण वाढतं. मात्र मधुमेहात गाठी आणि हलका वाक जास्त असतो, ऑपरेशनपर्यंत जाणारे कमी. शिवाय मधुमेहात सगळ्याच बोटांचे सांधे ताठ होण्याचा वेगळा प्रकारही असतो. बाबांना नमस्काराला हात जोडायला सांगा. दोन्ही तळवे आणि सगळी बोटं चिकटत नसतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मिरगीचं औषध बरीच वर्षं चालू आहे का, तेही विचारा. त्याचंही नाव यात घेतात, पण त्याबद्दल मतभेद आहेत.

ग्राइंडरबद्दल उद्यमबागेतलं कुणी बोललं तर बरं होईल, मी नंतर भर घालते.

खानापूरचे दादा, तेल लावायला हरकत नाही, कातडी मऊ राहते. पण तयार झालेली दोरी तेलाने विरघळत नाही. रात्री बोट जोर लावून बांधू नका. ऑपरेशननंतर पट्टी देतात, ती गोष्ट वेगळी.

निपाणीकर

आमचे मामा शाळामास्तर. हातात खडूशिवाय काही धरलं नाही, माळकरी माणूस, दारूचा प्रश्नच नाही. त्यांच्या दोन्ही हातांना हेच झालं. त्यांच्या वडिलांनाही होतं. उजव्या हाताला सुई घालून दोरी तोडली, भूल फक्त तेवढ्या जागेवर दिली, त्याच दिवशी घरी आले. बोट सरळ झालं. काही वर्षांनी परत थोडं वाकलंय, तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताई, तुमच्या घरात आधी कुणाला होतं का, हे पहिल्यांदा विचारा. गावात बोटाकडे कोण बघतो, म्हातारपण म्हणून सोडून देतात.

उद्यमबाग मशीनशॉप

फेटलिंगवाल्यांच्या हातांबद्दल कुणीतरी विचारलं हे फार बरं झालं. आमच्यात या कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याच्या हाताची चौकशी कुणी करत नाही.

ब्रिटनने डिसेंबर २०१९ पासून हा आजार भरपाई मिळणाऱ्या कामाच्या आजारांच्या यादीत घेतला आहे. अट अशी की थरथरणारी हत्यारं एकूण निदान १० वर्षं, आठवड्यातले तीन किंवा जास्त दिवस, दिवसाला दोन तास तरी हातात असली पाहिजेत, आणि आजाराची सुरुवात ते काम चालू असतानाच झालेली असली पाहिजे. तुमच्या बाबांनी पाळीच्या पाळी ग्राइंडर धरला असेल, तर हा हिशेब कितीतरी पटीने भरतो.

भावाला सांगा, बाकी काही नाही तर एवढं बघ. डिस्क झिजून वाकडी झाली किंवा बेअरिंग वाजायला लागलं की मशीन चालवायचं नाही, कारण थरथर तिथेच वाढते. मशीन जिवाच्या आकांताने आवळून धरायचं नाही, काम मशीनला करू द्यायचं. पाळीत काम अदलाबदल करून घ्यायचं, सलग धरायचं नाही. थंडीत हात गरम ठेवायचे. जाड हातमोजे घातले म्हणजे थरथर अडली असं समजू नये, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सकाळी बोटं पांढरी पडत असतील किंवा मुंग्या येत असतील तर तो वेगळा त्रास आहे, थरथरीनेच होतो, आणि त्याकडे लगेच बघायला हवं.

शहापूरची फिजिओ

वरचं बरोबर आहे. साधं अंगमेहनतीचं काम, म्हणजे कुदळ, विळा, नांगर, याबद्दल पुरावे उलटसुलट आहेत. थरथरणाऱ्या हत्यारांबद्दल मात्र जितकी वर्षं आणि जितकी थरथर जास्त तितका धोका जास्त, असं दिसतं. मला वाटतं बाबांच्या बाबतीत रक्तात असलेला कल, त्यावर ग्राइंडर, त्यावर साखर, असा थर बसला असावा. दारूचा थर असलाच तर पातळ. हे माझं मत, हात न बघता दिलेलं.

उचगावची लेक

सगळ्यांचे खूप आभार. कापूस लावून बघितला, स्पर्श लगेच कळतो. नमस्कारात बाकीची बोटं जुळतात, फक्त ती दोन नाही.

निपाणीकर दादा, तुमच्या सांगण्यावरून आत्यालाच फोन करून विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्या आबांचं पण बोट असंच होतं की गं. नांगर धरून झालं म्हणायचे सगळे." आबा माळकरी होते. आता ती बाबांना भेटायला येते म्हणाली आहे.

भावाने रात्री स्वतःचे तळवे दाबून बघितले, गाठ काही नाही. घरात आणखी कुणाला होऊ शकतं म्हटल्यावर त्याने मशीनची डिस्क बदलून मागितली आहे.

एकच राहिलं. डॉक्टर वाढल्यावर या म्हणाले, पण वाढणं म्हणजे किती? आणि मृदंग वाजवला तर आणखी बिघडेल का?

शहापूरची फिजिओ

तळवा टेबलावर उपडा ठेवायचा. पूर्ण सपाट बसत नसेल, तर सर्जनला दाखवायची वेळ आली. बोटाच्या मुळाचा सांधा ३० अंशांच्या आसपास वाकला की उपचाराचा विचार करतात. मधल्या पेराचा सांधा वाकायला लागला असेल तर थांबू नका, तो जितका जुना होतो तितका सरळ करणं अवघड जातं. तुम्ही लिहिलेल्यावरून टेबलाची पायरी ओलांडली आहे. हाताचं काम करणारा ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन शोधा. बेळगावात बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे, दोन्हीकडे ऑर्थोपेडिक विभाग आहे. सुईने दोरी तोडणं आणि उघडून काढणं, असे दोन्ही पर्याय विचारा. सुईत लवकर बरं वाटतं, पण परत येण्याची शक्यता जास्त. उघडून केल्यावर काही आठवडे व्यायाम आणि पट्टी लागते. जाण्याआधी साखर आटोक्यात आणा, जखम भरायला ते फार महत्त्वाचं. आणि आबांच्या बोटाचं नक्की सांगा, डॉक्टर घरातल्या इतिहासाला महत्त्व देतात. पायाच्या तळव्यालाही गाठ आहे का तेही बघून जा, काहींना तिथेही येते.

मृदंगाने बिघडत नाही. डाव्या हाताची थाप चांगली पडते ना? तोवर धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, तीच चालू राहू दे, आणि उजवीकडे शाईवर जमेल त्या बोटांनी वाजवू दे. भजनाला मात्र याच एकादशीला पाठवा.