डॉन लेट्सची 'स्ट्रमरव्हिल' आणि जो स्ट्रमरच्या नावाची चॅरिटी: पंकचा वारसा देणगीवर चालतो का?

तारेवरचा_गडी

परवा रात्री डॉन लेट्सची 'स्ट्रमरव्हिल' ही २०१० ची डॉक्युमेंटरी परत बघितली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जो स्ट्रमर म्हणजे द क्लॅश या लंडनच्या पंक (सत्तरच्या दशकातलं बंडखोर रॉक) बँडचा गायक. खरं नाव जॉन मेलर, जन्म १९५२ चा, अंकाराचा, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला, आणि त्या वडिलांचा जन्म चक्क लखनौचा. २२ डिसेंबर २००२ ला जो घरीच वारला, हृदयात जन्मापासून दोष होता आणि तो शेवटपर्यंत कुणालाच कळला नव्हता. वय फक्त ५०. त्यानंतर बायको, मुली आणि मित्रांनी मिळून एक चॅरिटी काढली, स्ट्रमरव्हिल, आता तिला जो स्ट्रमर फाउंडेशन म्हणतात. ज्या पोरापोरींकडे पैसा नाही, ओळख नाही त्यांना वाजवायला जागा, रेकॉर्डिंग, स्टेज मिळवून द्यायचं, एवढं साधं काम. डॉक्युमेंटरी त्यावरच आहे.

माझं मत सरळ आहे, एखाद्या गाणाऱ्या माणसाचं याहून चांगलं स्मारक मी पाहिलेलं नाही. कॉलेजला असताना पुण्यात आमचा चौघांचा बँड होता. गिटार सेकंडहॅंड मिळाली, ॲम्प कुणीतरी दिला, पण जागा? ड्रम्स घरात वाजवता येत नाहीत हो. सोसायटीत दोनदा भांडणं झाली, मग तासावर भाड्याची खोली घेतली, तिथे तीन तासांचे पैसे जमवायला आठवडा जायचा आणि त्यातला एक तास ट्यूनिंग आणि आवाज लावण्यातच. सात गाणी बसवली होती आम्ही, सातही आमची स्वतःची. बँड मोडला तो भांडणाने नाही, गाणी संपली म्हणून नाही, खोली परवडेना म्हणून मोडला. आज चौघंही नोकरीत, ड्रमर कधीतरी फोन करतो तेव्हा टेबलावर बोटं वाजवत बोलतो, ते मला फोनवर ऐकू येतं. त्यामुळे कुणी म्हणालं की मेलेल्या मित्राच्या नावाने आम्ही पोरांना खोली देतो, तर मला त्यात खोट काढवत नाही.

चौथी_भिंत

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

स्ट्रमर घडला कसा ते बघा. वेल्समधल्या न्यूपोर्टला स्मशानात खड्डे खणायचं काम केलं, मग लंडनला येऊन रिकाम्या पडलेल्या घरात घुसून राहिला. वॉल्टरटन रोडवरचं १०१ नंबरचं घर, म्हणून लंडनमधल्या पहिल्या बँडचं नाव वनओवनर्स (१०१ वाले). भाडं शून्य, बेकारभत्ता चालू, तळघरात तालीम. कुणी अर्ज भरून घेतला नाही, कुणी मुलाखत घेऊन "तुम्ही पात्र आहात" असं सांगितलं नाही. ती जागा त्यांनी मागितली नव्हती, घेतली होती. पंकचा सगळा कणा तो आहे.

आता २०१२ पासून इंग्लंडमध्ये राहत्या इमारतीत असं घुसून राहणं थेट गुन्हा आहे. म्हणजे ज्या वाटेने स्ट्रमर आला ती वाट सरकारने बुजवली, आणि त्याच्या नावाने आपण काय करतो, तर बुजवलेल्या वाटेच्या बाजूला पाणपोई घालतो. पाणपोई वाईट नसते पण तिला वाट म्हणू नका.

तारेवरचा_गडी

@चौथी_भिंत पाणपोईचं मान्य, पण तहानलेल्याला आज काय सांगू? कायदा बदलेपर्यंत थांब? तुम्ही म्हणताय की १९७४ ला घर फुकट होतं म्हणून बँड झाला. अगदी बरोबर. म्हणजे आता घर फुकट नाही तर कुणीतरी ते फुकट करून द्यायला नको का? तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातोय असं मला वाटतं.

टेम्सकाठची

मी गेली अठरा वर्षं लंडनला आहे, साउथहॉलच्या जवळच, त्यामुळे मला या विषयात वेगळंच काहीतरी दिसतं ते सांगते.

आपल्या लोकांना पंक म्हटलं की फाटके कपडे आणि टोकदार केस एवढंच आठवतं. पण इथल्या आपल्यासारख्या रंगाच्या माणसांसाठी क्लॅश काय होते ते समजून घ्या. १९७८ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया पार्कात रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशद्वेषविरोधी चळवळीचा मोठा कार्यक्रम झाला त्यात ते वाजले. मग १९७९ च्या एप्रिलमध्ये नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाची सभा साउथहॉलला, ऐन पंजाबी वस्तीत, लावली गेली, लोक विरोध करायला रस्त्यावर उतरले, पोलिसांनी मारहाण केली, त्यात ब्लेअर पीच नावाचा शिक्षक गेला आणि शेकड्यांनी लोकांना अटक झाली. त्यांच्या कोर्टखर्चासाठी जुलैमध्ये रेनबो थिएटरला कार्यक्रम झाले आणि तिथे क्लॅश वाजले. माझ्या शेजारचे आजोबा अजून ते दिवस सांगतात, आवाज खाली करून सांगतात.

म्हणून माझी अडचण अशी, की तो बेनिफिट होता, म्हणजे एका लढ्यासाठी पैसे उभे करणारा कार्यक्रम. चॅरिटी नव्हती. बेनिफिटमध्ये तुम्ही कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरोधात आहात हे पोस्टरवरच लिहिलेलं असतं. चॅरिटी सगळ्यांचीच मैत्रीण असते. मला स्ट्रमरव्हिल आवडते, गिटार हातात घेतलेली पोरं बघून कुणाला आनंद होणार नाही, पण स्ट्रमरच्या आयुष्यातला अर्धा भाग त्यात येत नाही असं वाटत राहतं.

चौथी_भिंत

@टेम्सकाठची हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा नीट म्हणालात. यात कायद्याचाही भाग आहे. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत चॅरिटीचा उद्देश राजकीय असू शकत नाही, कुठल्या पक्षाची बाजू घेता येत नाही.

आणि आता हे बघा. १५ नोव्हेंबर २००२, ॲक्टन टाउन हॉल. पगारवाढीसाठी झगडणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांच्या मदतीसाठी स्ट्रमर आपल्या मेस्कलेरोज बँडसोबत वाजवत होता. प्रेक्षकांत मिक जोन्स होता, १९८३ ला ज्याला क्लॅशमधून काढून टाकलं होतं तोच, आणि तो उठून स्टेजवर आला, गिटार घेतली आणि दोघं जवळजवळ वीस वर्षांनी एकत्र वाजले. त्यानंतर सदतीस दिवसांनी स्ट्रमर गेला. ज्या माणसाच्या शेवटच्या कार्यक्रमांतला एक संपावर उतरलेल्या कामगारांसाठी होता, त्याच्या नावाची संस्था उद्या असा संप झाला तर काय करेल? मला खरंच उत्तर हवंय.

तारेवरचा_गडी

प्रश्न रास्त आहे, त्यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर म्हणून एक उदाहरण देतो.

२००७ ला, स्ट्रमरला जाऊन पाच वर्षं होत होती तेव्हा, गायक बिली ब्रॅगला डॉर्सेटमधल्या एका तुरुंगातल्या समुपदेशकाचं पत्र आलं की कैद्यांना गिटार शिकवतोय, गिटारी कमी पडतायत. ब्रॅगने गिटारी दिल्या आणि त्यातून 'जेल गिटार डोअर्स' उभं राहिलं, नाव क्लॅशच्या गाण्याचं. पुढे एमसी५ या अमेरिकन बँडचा वेन क्रेमर, जो स्वतः ड्रग्जच्या गुन्ह्यात तुरुंगात राहून आलेला आणि ज्याचा उल्लेख त्याच गाण्यात आहे, त्याने हे काम अमेरिकेत नेलं.

आता मुद्दा. २०१३ च्या शेवटी ब्रिटिश सरकारने नियम बदलले आणि कोठडीत स्टीलच्या तारांच्या गिटारी ठेवायला बंदी आली. ब्रॅग गप्प बसला नाही, दुसरे संगीतकार सोबत घेतले, एक खासदार संसदेत बोलत राहिला आणि २०१४ ला बंदी उठली. म्हणजे गिटार वाटणारा माणूसच सरकारशी भांडला, आणि भांडू शकला तो गिटारी वाटत होता म्हणून. तारा गेल्यावर कोठडीत काय होतं हे त्याला आधीच माहीत होतं. देणं आणि भांडणं ही दोन वेगळी खाती नाहीत असं मला म्हणायचंय.

चौथी_भिंत

जेल गिटार डोअर्स ही वेगळी चळवळ, स्ट्रमरव्हिल वेगळी, हे आधी स्पष्ट करू. पण उदाहरण तगडं आहे, तारांच्या बंदीचं मला माहीत नव्हतं. यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

जुन्या_बाजारातली_रेकॉर्ड

इथे सगळे चॅरिटीवर बोलताय, डॉक्युमेंटरीवर कुणीच नाही, म्हणून मी बोलतो.

डॉन लेट्सबद्दल मला अपार आदर आहे. ब्रिक्स्टनचा, जमैकन आईबापांचा पोरगा, १९७७ ला रॉक्सी क्लबात डीजे होता, पंकच्या रेकॉर्डी तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या म्हणून हा रेगे (जमैकाचं संगीत) वाजवायचा आणि त्यातून गोऱ्या पंक पोरांना रेगे कळलं. नॉटिंग हिलला १९७६ च्या दंगलीत पोलिसांच्या रांगेसमोरून चालत जाणारा जो माणूस क्लॅशच्या रेकॉर्डच्या कव्हरवर आहे तो हाच. क्लॅशवरची त्याची आधीची डॉक्युमेंटरी ग्रॅमी घेऊन गेली. याहून जवळचा साक्षीदार सापडणार नाही.

पण अडचणही तीच आहे, मित्राच्या नावाच्या संस्थेवर मित्राने फिल्म काढायची म्हणजे कॅमेरा प्रेमानेच बघणार. मला त्यात एखादा असा माणूस हवा होता जो म्हणेल की मला मदत मिळाली तरी पुढे काही झालं नाही, मी आज डिलिव्हरी करतो. अशा माणसाची गोष्ट संस्थेला खाली ओढत नाही, उलट तिचं काम किती अवघड आहे ते दाखवते.

आणि पंक विकला गेला वगैरे रडणाऱ्यांना एक सांगतो. क्लॅशचं इंग्लंडमधलं एकुलतं एक नंबर एक गाणं १९९१ ला आलं, बँड मोडून पाच वर्षं झाल्यावर, आणि ते जीन्सच्या जाहिरातीमुळे. तेच क्लॅश १९८० ला तीन रेकॉर्डींचा 'सॅन्डिनिस्टा!' एका रेकॉर्डच्या भावाच्या आसपास विकला जावा म्हणून कंपनीशी भांडले आणि इंग्लंडातल्या पहिल्या दोन लाख प्रतींची रॉयल्टी सोडून बसले. दोन्ही खरं आहे. ऐकणाऱ्या पोराच्या खिशाला परवडलं पाहिजे हा विचार त्यांच्यात होताच, तोच मला या चॅरिटीत दिसतो.

दुसरा रस्ता कुठला ते पण बघा. २०१६ ला पंकला चाळीस वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये सरकारी आशीर्वादाने कार्यक्रम चालले होते. त्याचा राग येऊन जो कोरे, म्हणजे पंकचे कपडे आणि बँड घडवणाऱ्या व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लारेनचा मुलगा, थेम्सच्या पाण्यात बोट उभी करून पंकच्या जमान्यातल्या दुर्मिळ वस्तू जाळून मोकळा झाला. किंमत पन्नास लाख पौंड असं तोच सांगत होता. तेवढ्यात किती पोरांना किती वर्षं खोली मिळाली असती? राग मलाही कळतो, पण राखेवर तालीम करता येत नाही.

चौथी_भिंत

@जुन्या_बाजारातली_रेकॉर्ड कोरेचं समर्थन मी करणार नाही. पण त्याचा राग ज्यावर होता त्यावर माझाही आहे. पंक म्युझियममध्ये गेला की मेला.

गवसणी

मी हिंदुस्थानी संगीतातली, पंक मी मुलामुळे ऐकलं, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ ला गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. दर डिसेंबरला पुण्यात हजारो लोक जातात, मी पण जाते. पण त्या मांडवात बसलेल्या किती जणांनी सवाई गंधर्वांची रेकॉर्ड घरी जाऊन ऐकली असेल? मी स्वतः चाळिशी उलटल्यावर ऐकली, आणि इतकी वर्षं नुसतं नाव घेतलं याचं वाईट वाटलं. नाव महोत्सवाचं झालं आणि गाणं मागे राहिलं.

या फाउंडेशनची मला तीच काळजी वाटते. मदत मिळालेल्या पोराला खोली कळेल, नाव कळेल, पण तो माणूस काय गात होता ते कळेल का? मुलाने मला मेस्कलेरोजचं 'भिंडी भागी' ऐकवलं, २००१ च्या रेकॉर्डमधलं. लंडनमध्ये जगभरचं काय काय खायला मिळतं त्याची यादीच गातो हा माणूस, आणि त्यात आपली भेंडी! दुसऱ्याच्या ताटातलं इतक्या आनंदाने गाणारा माणूस मला फार आपला वाटला. हे पोरांपर्यंत पोचलं पाहिजे, खोलीच्या किल्लीबरोबर.

टेम्सकाठची

@गवसणी किती छान लिहिलंत. ते गाणं माझ्या रस्त्याचं वर्णन वाटतं मला. आणि तुमच्या काळजीवर इथलं एक सांगते. ग्लास्टनबरीच्या फेस्टिव्हलला स्ट्रमर शेकोटी पेटवून बसायचा, कुणीही यावं, बसावं, वाजवावं, पहाटेपर्यंत. तो गेल्यावरही त्याच्या नावाने तिथे शेकोटी पेटत राहिली. मी एकदा बसले होते तिथे, चिखलात, पावसात. ना कुणी विचारलं कुठून आलीस ना कुणी विचारलं वाजवता येतं का. एका मुलाने स्वतःचं गाणं म्हटलं, ते फारसं चांगलं नव्हतं, आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

चौथी_भिंत

शेकोटीला माझा विरोध नाही. तिथे अर्ज नाही, पात्रता नाही, कुणी देणारा नाही कुणी घेणारा नाही. संस्था त्या शेकोटीसारखी राहिली तर मी माझं अर्धं म्हणणं मागे घेतो. उरलेलं अर्धं ॲक्टनच्या टाउन हॉलचं आहे, ते मागे घेत नाही.

तारेवरचा_गडी

ॲक्टनचं तुम्ही मागे घेऊच नका. मी पण घेणार नाही. आज ड्रमरला फोन केला होता, त्याला ही फिल्म पाठवतोय. म्हणाला बघतो, आणि मग विचारलं, आपल्या सात गाण्यांची कॅसेट कुणाकडे आहे रे? माझ्याकडे नाहीये. शोधतोय.