शब्दचर्चा : लोकचालीवरच्या उपासना-गीतात ‘येतोस’ की ‘येसी’?

प्रश्न : आम्ही काही जण उपासनेसाठी लोकचालींवर नवी ख्रिस्ती गीतं लिहितो आहोत. विषय न्यायाचे, पाण्याचे, बेघर माणसांचे. आमची मंडळी (चर्चमधला उपासक समुदाय) पुरोगामी विचारांची, त्यामुळे देवाला फक्त पुरुषवाचक हाक मारायची नाही असं ठरलंय. ‘राजा’, ‘पिता’ गाळता येतात, पण ‘तू येतोस’मधला ‘तोस’ कसा गाळायचा? शिवाय अशा रचनेला स्तोत्र म्हणावं की भजन?

प्रतिसाद : नावाचं आधी उरकतो. ‘स्तोत्र’ नको. मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहिता हा १५० स्तोत्रांचा ठरलेला ग्रंथ आहे, त्यामुळे ‘नवं स्तोत्र’ म्हटलं की १५१वं लिहिल्यासारखं वाटतं. ‘गीत’ म्हणा. ९६व्या स्तोत्राची सुरुवातही नवं गीत गाण्याच्या सांगण्यानंच होते.

आता क्रियापद. तुमची अडचण प्रमाण मराठीच्या वर्तमानकाळाची आहे, ओवी-अभंगाच्या भाषेची नाही. ‘येतोस-येतेस’, ‘आलास-आलीस’ यांत लिंग दिसतं. पण जुनी रूपं घ्या : येसी, देसी, करिसी. तृतीय पुरुषात येई, धावे, राहे. यांना कर्त्याच्या लिंगाशी देणंघेणं नाही. आज्ञार्थ ‘ये’ आणि भविष्यकाळी ‘येशील’ तर आजच्या बोलीतही मोकळेच आहेत. ‘तू अन्न दिलंस’ हेही चालतं, कारण तिथे क्रियापद अन्नामागे जातं. म्हणजे लोकधाटणी इथे नुसती चालीपुरती उपयोगाची नाही, तुमचं व्याकरणही तीच सोडवते.

मोठ्या अभंगाच्या मापात (चरणांत ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक) जुळवून पाहिलं :

भुकेल्यांच्या दारी । बैससी तू आधी ।
मग आम्हामधी । येसी घरा ॥

दुसरा प्रतिसाद : हाकेचाही प्रश्न वारकऱ्यांनी कधीच सोडवलाय. विठोबा विठाई होतो, ज्ञानेश्वर ‘माउली’ होतात आणि क्रियापद निमूट स्त्रीलिंगी होतं : माउली आली. ख्रिस्ती मराठी कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताला आई आणि गुरू या नात्यांनी आळवलं, तेही पुरोगामी हा शब्द उपासनेच्या जवळपास नसताना. त्याआधी फादर स्टीफन्स या जेझुइट मिशनऱ्याचं ख्रिस्तपुराण हे ख्रिस्तकथेचं काव्य १६१६ मध्ये छापलं गेलं, तेसुद्धा ओवीत. तेव्हा कुणी ‘उपासनेत हे नवं खूळ’ म्हणालं, तर हे सांगायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता : ‘येसी’ तरुणांना कळेल का? आणि जात्यावरच्या ओवीत लिहिलं तर सगळ्यांना गाता येईल?

प्रतिसाद : कळेल. अभंग कानावर असतात. मात्र एकाच कडव्यात ‘येसी’ आणि ‘येतोस’ मिसळू नका, ठिगळ दिसतं.

जात्यावरची ओवी मुळात एक-दोघींची. तिला पालुपद असतंच असं नाही, आणि मंडळीला तर पुन्हापुन्हा परतायला एक ओळ लागते. ती वेगळी जोडा, किंवा पोवाड्याची रीत घ्या : शाहीर कडवं म्हणतो, झीलकरी झील धरतात, म्हणजे मागून ओळ उचलतात. उपासनेत अख्खी मंडळीच झीलकरी. पोवाड्याचं कथन बायबलमधल्या भविष्यवाद्यांच्या (संदेष्ट्यांच्या) गोष्टींना फार शोभतं, अन्यायावर तुटून पडणाऱ्या आमोस संदेष्ट्याला तर बेतून शिवल्यासारखं.

तिसरा प्रतिसाद : एक खोडा घालतो. चालीला आठवणी चिकटलेल्या असतात. गोंधळ म्हणजे देवीला बोलावणं, तिथे नुसते शब्द बदलून येशूला बसवलं तर गोंधळींचा विधी हिसकावल्यासारखं होईल. भारूड त्या मानानं मोकळं, सोंग आणि चिमटा दोन्ही त्यात बसतात. ढोंगी धार्मिकतेवर लिहायचं असेल तर भारूडच घ्या.

आणि ‘बैससी’त दोन ‘स’ लागोपाठ आलेत, द्रुत लयीत जीभ अडखळते. ‘राहसी तू आधी’ म्हणून पाहा.

पहिला प्रतिसाद देणारा : ‘राहसी’नं भुकेल्यांच्या पंगतीला बसणं जातं. दारात बसण्यातच सगळं आहे. लय थोडी उतरवतो, ‘बैससी’ राहू दे.